हद्दीपलीकडचे गिऱ्हाईक

नव्या गाळ्याचा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न भाड्याचा येतो, मग पार्किंगचा, आणि नंतर ‘याच मालाची इथे आणखी किती दुकाने आहेत’ हा. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक दुकानदार त्याच रस्त्यापुरते, फार तर त्याच गावापुरते शोधतात आणि आकडा जितका कमी तितकी जागा चांगली असे धरून चालतात. गिऱ्हाईक मात्र गावाची हद्द पाहून खरेदीला निघत नाही, आणि स्पर्धक शेजारी असणे नेहमीच तोट्याचे नसते.

अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये मांडले की एकाच रस्त्यावरचे दोन विक्रेते गिऱ्हाईक ओढण्यासाठी एकमेकांजवळ सरकत जातात. 1979 मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी या मांडणीतली चूक दाखवली: माल अगदी सारखा असेल तर जवळ येताच भाव पाडण्याची चुरस लागते आणि लांब राहण्यातच हित असते. आपल्या बाजारात या दोन्ही गोष्टी दिसतात, कारण सगळा माल एका जातीचा नसतो. साखर आणि तेल सगळीकडे तेच, म्हणून किराणा दुकाने वस्तीत विखुरलेली असतात. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब मात्र चार दुकाने पाहिल्याशिवाय निर्णय घेत नाही, आणि म्हणूनच पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर साड्यांची, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत.

अशा एकवटलेल्या बाजाराची ओढ किती लांब पोचते, याचा नियम विल्यम रायली यांनी 1931 मध्ये सांगितला. दोन शहरांमधल्या गावातली खरेदी त्या शहरांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली जाते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. नियम ढोबळ आहे, पण पुण्याजवळच्या सासवडच्या कापड व्यापाऱ्याला त्यातून महत्त्वाचे काही कळते. त्याचा खरा स्पर्धक समोरच्या गाळ्यात नाही, लक्ष्मी रस्त्यावर आहे. समोर दुसरे चांगले कापड दुकान उघडले तर त्याची काही विक्री जाईल हे खरे, पण सासवडमध्येच चार दुकाने पाहता आली तर पुण्याची फेरी टाळणारी कुटुंबेही वाढतील. सासवडच्या किराणा दुकानदाराने मात्र हा हिशेब लावू नये. त्याच्यासाठी समोरचे दुकान म्हणजे निखळ वाटेकरी.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. दुकाने एकत्र दिसतात ती शेजारामुळे नव्हे, जागाच मोक्याची म्हणून; जिथे रस्ता, स्टेशन किंवा कॉलेज आहे तिथे सगळेच येणार. नुसत्या नकाशावरून ही दोन कारणे वेगळी काढता येत नाहीत, हे मान्य करावे लागते. पण मॉलमध्ये जागा एकच असते आणि मालकही एकच. अमेरिकेतल्या मॉलच्या भाड्यांचा पाशिजियन आणि गूल्ड यांनी केलेला अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या अँकर दुकानांना दर चौरस फुटामागे कितीतरी कमी भाडे लावले जाते आणि छोट्या दुकानांकडून जास्त घेतले जाते, असे त्यात आढळले. अँकर दुकान शेजाऱ्यांकडे गिऱ्हाईक वळवते, म्हणून मालक त्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजतो. शेजाराचा परिणाम भासच असता तर एवढी सवलत कोणी दिली नसती. ऑनलाइन खरेदीने अंतर पुसले, हा दुसरा आक्षेप मला तितका टिकाऊ वाटत नाही. दहा-वीस मिनिटांत माल पोचवायचा तर ऑनलाइन विक्रेत्यांनाही वस्तीजवळच गोदाम लागते.

फक्त आपल्या गावापुरते पाहून चालत नाही, हे करांच्या हद्दीवरूनही दिसते. मुंबईत 2017 पर्यंत जकात होती; तिच्याबाहेर राहता येत असे म्हणून भिवंडीत गोदामे वाढली. 2012 मध्ये गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, तेव्हा सीमेपलीकडच्या बांदा-सावंतवाडीच्या पंपचालकांचे गणित पणजीतल्या निर्णयाने बदलले. असे निर्णय आपल्या हातात नसतात, पण शेजारच्या गावाचा विकास आराखडा सूचना-हरकतींसाठी जाहीर होतो तेव्हा तो कोणालाही पाहता येतो. आपल्या व्यापारी संघांनी तो मागवावा, त्यातले नवे रस्ते आणि व्यापारी आरक्षणे वाचावीत, आणि मगच सभासदांना नव्या गाळ्याचा सल्ला द्यावा.