मुंबईतील उपग्रहाधारित वाहतूक निरीक्षण

उपग्रहाधारित वाहतूक निरीक्षण ही धावत्या वाहनांच्या स्थाननोंदींवरून शहरातील वाहतुकीचे मोजमाप करण्याची पद्धत आहे. वाहनातील उपकरण किंवा चालकाजवळील मोबाइल उपग्रहांच्या संदेशांवरून आपले स्थान निश्चित करतो आणि ते ठरावीक अंतराने मध्यवर्ती संगणकाकडे पाठवतो. अशा असंख्य नोंदी एकत्र करून रस्त्यांवरील वेग, विलंब व कोंडी यांचे चित्र तयार केले जाते. मुंबईत बेस्टच्या बसगाड्या, ॲपवर चालणाऱ्या टॅक्सी आणि खासगी मोटारी यांच्याकडून अशा नोंदी मिळतात. गिरगाव, लालबाग, परळ व दादर या दाट वस्तीच्या भागांत या पद्धतीची उपयुक्तता आणि तिच्या मर्यादा दोन्ही ठळकपणे दिसतात. ही पद्धत प्रामुख्याने वाहनांचा खोळंबा मोजते. या भागांतील बहुसंख्य लोक मात्र पायी, रेल्वेने किंवा बसने प्रवास करतात.

पार्श्वभूमी

धावत्या वाहनातून वाहतूक मोजण्याची कल्पना उपग्रहांपेक्षा जुनी आहे. १९५४ साली वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ या ब्रिटिश संशोधकांनी मोटारीत बसलेल्या निरीक्षकाच्या मोजणीवरून रस्त्यावरील वेग व वाहनसंख्या काढण्याची रीत मांडली. मुंबईत नियोजनासाठी चौकाचौकांतील वाहनगणना आणि घरोघरी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या यांवर भर राहिला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा २००५ ते २००८ या काळातील सर्वंकष वाहतूक अभ्यास हे त्याचे मोठे उदाहरण होय. असे सर्वेक्षण खर्चिक असते आणि अनेक वर्षांनी एकदाच होते.

अमेरिकेने २ मे २००० रोजी जीपीएसच्या नागरी संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी काढून टाकली, आणि वाहन कोणत्या रस्त्यावर आहे हे सांगण्याइतकी अचूकता सर्वांना उपलब्ध झाली. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेद्वारे सार्वजनिक सेवेतील वाहनांना स्थानदर्शक उपकरण व आपत्कालीन बटण बंधनकारक केले. नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनांसाठी ही अट १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. दुचाकी व तीनचाकी वाहने तीतून वगळण्यात आली. प्रवाशांची, विशेषतः महिलांची सुरक्षितता हा या नियमाचा मूळ हेतू होता. नगरनियोजनासाठी होणारा उपयोग आनुषंगिक आहे.

कार्यपद्धती

उपकरणाकडून आलेले अक्षांश-रेखांश प्रथम नकाशातील योग्य रस्त्याशी जुळवले जातात. त्यानंतर लागोपाठच्या दोन नोंदींमधील अंतर व वेळ यांवरून वेग काढला जातो आणि रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी सरासरी ठरवली जाते.

जुळवणीची ही पायरी मध्य व दक्षिण मुंबईत कठीण ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर २०११ साली खुला झालेला लालबागचा उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांचे अक्षांश-रेखांश जवळपास सारखेच असतात. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या स्थानापेक्षा कमी अचूक असते. त्यामुळे पुलावरून वेगाने जाणारी मोटार खालच्या रस्त्याच्या खात्यावर जमा होण्याचा आणि खालची कोंडी झाकली जाण्याचा धोका असतो. वाहन पुलावर कोठे चढले व कोठे उतरले, हे आधीच्या व नंतरच्या नोंदींवरून तपासून ही चूक कमी करता येते. काळबादेवी-गिरगावच्या अरुंद गल्ल्यांत आणि लोअर परळच्या उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आदळून परावर्तित होतात, तेव्हा स्थान प्रत्यक्षापासून काही मीटर सरकते. थांब्यावर उभी बस किंवा गिऱ्हाइकाची वाट पाहणारी टॅक्सी ही कोंडीत अडकलेल्या वाहनासारखीच दिसू शकते.

नियोजनातील उपयोग

मध्य व पश्चिम रेल्वेच्या मार्गांमुळे या भागातील पूर्व-पश्चिम वाहतूक मोजक्या पुलांवर अवलंबून आहे. लोअर परळचा डिलाईल रोड पूल २४ जुलै २०१८ रोजी धोकादायक ठरवून बंद करण्यात आला आणि नव्या स्वरूपात तो पूर्णपणे खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडला. प्रभादेवी व परळ यांना जोडणारा एल्फिन्स्टन पूल वरळी-शिवडी जोडरस्त्याच्या कामासाठी १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला. त्यानंतर दादरचा टिळक पूल आणि करी रोडचा पूल यांवर वाहतूक वळवण्यात आली.

अशा बदलांचा परिणाम तपासण्यासाठी स्थाननोंदी विशेष उपयोगी आहेत. पूल बंद होण्यापूर्वी व नंतर एखाद्या बसला त्याच दोन थांब्यांमध्ये किती वेळ लागला, विलंब कोणत्या चौकात व कोणत्या तासाला वाढला, याची तुलना वेगळे सर्वेक्षण न करता करता येते. परळमध्ये केईएम, टाटा व वाडिया ही रुग्णालये जवळजवळ असल्याने रुग्णवाहिकांचे मार्ग ठरवतानाही ही तुलना महत्त्वाची आहे. बेस्टच्या प्रवाशांना ‘चलो’ ॲपवर बसचे प्रत्यक्ष स्थान दिसते. त्याच नोंदी जपून ठेवल्यास वेळापत्रक नेमके कोठे कोलमडते, हेही समजते.

मर्यादा

टॉमटॉम या कंपनीच्या २०१८ च्या वाहतूक निर्देशांकात ४०३ शहरांमध्ये मुंबई सर्वाधिक कोंडीचे शहर ठरली. मोकळ्या रस्त्याच्या तुलनेत प्रवासाला सरासरी ६५ टक्के अधिक वेळ लागतो, असा त्याचा अर्थ होता. हा आकडा वाहनांच्या नोंदींवर आधारलेला होता. उलट, २००५-०८ च्या सर्वंकष अभ्यासानुसार महानगर प्रदेशातील सुमारे निम्म्या फेऱ्या संपूर्णपणे पायी होत होत्या आणि उरलेल्यांत उपनगरी रेल्वेचा वाटा सर्वांत मोठा होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. जिन्यावरची अशी गर्दी वाहनांच्या वेगाच्या नकाशावर उमटत नाही. गिरगावखालून धावणाऱ्या मेट्रो ३ चे प्रवासीही या नोंदींबाहेर राहतात.

सरासरी काढण्याच्या रीतीतही हा प्रश्न आहे. समजा, सिग्नलच्या वेळेतील बदलामुळे २० मोटारींचा प्रत्येकी एक मिनिट वाचला आणि ५० प्रवाशांची एक बस एक मिनिट जास्त थांबली. वाहनांच्या हिशेबात २० मिनिटे वाचून एकच वाया गेले. प्रत्येक मोटारीत सरासरी दीड माणूस धरल्यास माणसांच्या हिशेबात ३० मिनिटे वाचली आणि ५० वाया गेली. बसमध्ये किती माणसे आहेत हे स्थानदर्शक उपकरणाला कळत नाही. मात्र वाहकाच्या तिकीटयंत्रातील नोंदी त्यास जोडल्यास हा दोष बराच दूर होतो.

नोंद नसणे म्हणजे रस्ता मोकळा असणे नव्हे. गणेशोत्सवात लालबाग परिसरात आणि विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीकडे जाणारे अनेक रस्ते वाहनांसाठी बंद असतात. त्या काळात तेथे वाहनांच्या नोंदी जवळपास येत नाहीत, प्रत्यक्षात रस्ता माणसांनी भरलेला असतो. आकडे बाहेरून बिघडवताही येतात: २०२० मध्ये जर्मन कलाकार सायमन वेकर्ट यांनी ९९ मोबाइल एका हातगाडीत ठेवून बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावर गूगल मॅप्समध्ये कोंडी दाखवली.

खासगीपणा

वाहनाचा माग हा बहुधा चालकाचाही माग असतो. मोबाइल वापरणाऱ्या १५ लाख लोकांच्या नोंदींवरील २०१३ च्या एका अभ्यासात, स्थळ व वेळ यांच्या केवळ चार नोंदींवरून ९५ टक्के व्यक्तींचा माग इतरांपासून वेगळा ओळखता आला. नाव किंवा वाहन क्रमांक काढून टाकणे पुरेसे नाही, असे यावरून दिसते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. रस्त्याच्या तुकड्यावरील तासागणिक वेग जाणून घेण्यासाठी एखादा टॅक्सीचालक रात्री गाडी कोठे उभी करतो, हे जपून ठेवण्याची गरज नसते. नियोजनाला लागणारी बहुतेक उत्तरे एकत्रित सरासरीतून मिळू शकतात.