बोल्ट कुठे धरलाय?

गणपती झाले की दहा-पंधरा दिवसांत पनवेलपासून सावंतवाडीपर्यंतच्या गॅरेजांत एकाच तऱ्हेच्या गाड्या येऊ लागतात. पुढून खडखड आवाज, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय, लोअर आर्मचे बुश फाटलेले. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून गावी जाऊन परत आलेली गाडी रॅम्पवर चढवली की पावसाळ्याचा सगळा हिशेब खालून वाचता येतो. ग्राहकाला आपण सांगितलेलं असतं, दोन तासांचं काम आहे, संध्याकाळी घेऊन जा. मग हेल्पर एकोणीसची गोटी लावतो, जोर देतो आणि बोल्ट जागचा हलत नाही.

पुढची पाच मिनिटं बहुतेक गॅरेजांत सारखीच जातात. पान्याला पाइप लागतो. मग त्याहून लांब पाइप. मग कुणीतरी घण आणतो. बोल्टचं डोकं गोल होतं, नाहीतर मान तुटते, आणि दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. ऑक्टोबरच्या या अंकात जाम बोल्टांवर लिहायचं ठरवलं ते या पाच मिनिटांसाठी. जोर कमी पडला म्हणून काम बिघडलं, असं मी क्वचित पाहिलं आहे. बोल्ट कुठे धरलाय हे न बघता जोर लावला म्हणून बिघडलेली कामं मात्र मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

गंज म्हणजे नुसता तांबूस थर नव्हे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत त्याला ती जागा कुठून मिळणार? तो नट आणि बोल्ट यांच्यात पाचर मारल्यासारखा बसतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. मालवण, वेंगुर्ल्याच्या गाडीचा बोल्ट आणि सोलापूरच्या गाडीचा बोल्ट एकाच वयाचे असले तरी एकसारखे खुलत नाहीत.

सस्पेन्शनचा बोल्ट साधारण तीन ठिकाणी धरतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिली जागा नटाचे आटे. ही सगळ्यांत सोपी, तरी इथेच घाई होते. नटाच्या बाहेर आलेले आटे आधी तारेच्या ब्रशने साफ करा. ते तसेच ठेवून नट फिरवला तर बाहेरचा गंज नटाच्या आत ओढला जातो आणि सुटत आलेला नट अर्ध्यावर पुन्हा जाम होतो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारा. सकाळी मारून सकाळीच पाना लावायचा असेल तर त्या तेलाकडून फार अपेक्षा ठेवू नका. अनेक जण डब्ल्यूडी-४० वर विसंबतात. १९५३ साली अमेरिकेत ते तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातल्या दोन अक्षरांचा अर्थही तोच. थोडं काम ते करतं, पण खास गंजलेल्या आट्यांसाठी बनवलेलं पातळ तेल वेगळं मिळतं आणि ते गॅरेजात असायला हवं. गोटी सहा कोनीच घ्या, बारा कोनी नको. आणि पहिला झटका घट्ट करायच्या दिशेने, अगदी हलका द्या. गंजाची पकड एकदा तडकली की उलट फिरवणं सोपं जातं.

शॉकअप जिथे नकलला जोडला जातो तिथे काही गाड्यांत बोल्टच्या डोक्याखाली दातेरी भाग असतो. तिथे नेहमी नट फिरवायचा, बोल्ट धरून ठेवायचा. बोल्ट फिरवला तर दाते भोक खरवडतात आणि मग नवा बोल्टसुद्धा तिथे नीट बसत नाही. कॅम्बर जुळवण्यासाठी डोकं सरकवलेला बोल्ट असेल तर सैल करण्याआधी त्याच्या जागेची खूण करून ठेवा.

गॅसची ज्योत लावायची तर नटावर, बोल्टवर नव्हे. पोलाद तापलं की फार थोडं पसरतं. बारा मिलिमीटरचं भोक तीनशे अंशांनी जास्त तापवलं तर ते जेमतेम ०.०४ मिलिमीटर मोठं होतं. पण गंजाचा जोड फोडायला तेवढं पुरतं. या उष्णतेची किंमतही माहीत असू द्या. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेले बोल्ट कारखान्यात पाणी देऊन मग ठरावीक उष्णतेवर परत तापवून घडवलेले असतात. ते लाल होईपर्यंत तापवले की ती घडण गेली. असा बोल्ट सुटला तरी तो भंगारात, परत गाडीत नाही. गॅस भरलेल्या शॉकअपजवळ, ब्रेकच्या होजजवळ, पेट्रोल किंवा सीएनजीच्या नळीजवळ ज्योत आणूच नका. तेल मारलेल्या जागी ते पुसल्याशिवाय काडीही ओढू नका.

दुसरी जागा लोअर आर्मच्या बुशमधली नळी. इथे आपण सगळ्यांत जास्त वेळ वाया घालवतो, म्हणून इथे थोडं थांबतो. बुशच्या रबराच्या मधोमध लोखंडी नळी असते आणि बोल्ट तिच्यातून आरपार जातो. नट आरामात सुटतो. मग बोल्टचं डोकं फिरवायला जावं तर ते जरा फिरतं आणि हात सोडला की स्प्रिंगसारखं मागे येतं. ही खूण ज्याने ओळखली त्याचं निम्मं काम झालं. बोल्ट नळीला चिकटला आहे. आपण पिळतो आहोत ते रबर आहे. कितीही लांब पाइप लावला तरी रबरच पिळलं जाणार.

मी हेल्पर असताना, रत्नागिरीला, अशा एका बोल्टवर आम्ही दुपार घालवली होती. नऊ-दहा वर्षं किनाऱ्यावर चाललेली गाडी. नट हातात आला तेव्हा आम्हाला वाटलं काम झालं. मग तिघांनी आळीपाळीने घण मारले. डोकं आत-बाहेर हलत होतं, म्हणजे बोल्ट निघतोय, असं वाटत राहिलं. संध्याकाळी बोल्टचं टोक चेपून फुलासारखं पसरलं, आता तो बाहेर यायचाच नाही. शेवटी मिस्त्रींनी हॅक्सॉचं पातं बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. वीस मिनिटं लागली. बुश तसेही बदलायचेच होते, बोल्ट दुपारीच कापला असता तरी काही बिघडलं नसतं. आज हातातल्या चालत्या करवतीने हे काम आणखी लवकर होतं. मात्र ब्रॅकेटला पातं लागू देऊ नका आणि नवा बोल्ट दुकानात आहे याची खात्री करूनच कापा. तोही त्याच दर्जाचा, त्याच लांबीचा. हार्डवेअरच्या दुकानातला चमकदार बोल्ट इथे चालणार नाही.

एक गोष्ट बघायला विसरू नका. काही गाड्यांत नट सबफ्रेमच्या पेटीच्या आत वेल्ड केलेला असतो. त्या वेल्डपेक्षा आपला पाइप जबर ठरला की नट आत गरगर फिरू लागतो आणि मग पेटीला खिडकी कापून तो धरावा लागतो. म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या टोकाला बोट घालून नट मोकळा आहे की बंदिस्त, ते पाहा.

तिसरी जागा एक्सल. हबमध्ये बसणाऱ्या दात्यांवर गंज चढतो आणि बत्तीसचा नट सुटूनही शाफ्ट हबमधून निघत नाही. इथे माझी एकच कळकळीची विनंती आहे: शाफ्टच्या आट्यांवर घण मारू नका. टोक चेपलं की आटे गेले, आणि शंभर रुपयांच्या तेलाने सुटणाऱ्या गोष्टीसाठी ग्राहकाला अख्खा शाफ्ट घ्यावा लागतो. ठोकायचंच असेल तर नट टोकाला सपाट येईपर्यंत परत चढवा आणि पितळी पंच ठेवून मारा. त्याहून बरं म्हणजे हब पुलर लावा, ताण द्या आणि तो ताण तसाच ठेवून थोडं थांबा. अनेकदा आपण चहा घेऊन येईपर्यंत दाते ‘टक्’ करून सुटतात. शाफ्ट बाहेर ओढायचा नाही. आतला जॉइंट सरकता असतो, ओढला की तो उघडतो आणि ग्रीससकट काम वाढतं.

एक्सलचा नट गाडी चारही चाकांवर उभी असताना सैल करायचा. नटाची कड खाचेत ठोकून बसवलेली असेल तर ती आधी छिन्नीने उचलायची. आणि नट काढलेली गाडी चाकांवर उभी करून ढकलायची नाही, बेअरिंगला इजा होते.

घणाचं बोलतो आहे तर डोळ्यांचंही बोललं पाहिजे. कडक पोलादावर घण बसला की कधीकधी तुकडा उडतो. गॅरेजात चष्मा खुंटीला असतो आणि मुलगा गाडीखाली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली आडवं पडून पाइपला लोंबकळणाऱ्या मुलाला हाक मारून बाहेर काढा, आधी स्टँड लावा. ही जबाबदारी मालकाची आहे, मुलाची नाही.

बसवताना आपण जे करतो त्यावर पुढची पाच-सात वर्षं ठरतात. नव्या बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला आणि बुशच्या नळीला आतून कॉपर ग्रीसचा पातळ हात फिरवा, आटे मात्र कोरडे ठेवा. पाना फिरवताना लागणाऱ्या जोरातला साधारण नव्वद टक्के घर्षणातच खर्च होतो. आट्यांना ग्रीस लागलं की घर्षण घटतं आणि तोच टॉर्क देऊनही बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. आणि बुशचा बोल्ट शेवटचा घट्ट करायचा तो गाडी आपल्या वजनावर बसल्यावर. चाकं लोंबकळत असताना घट्ट केला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वर्षभरात परत आलेल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं हे एवढंच असतं, आणि शिव्या मात्र बुशला बसतात.

आता पैशांचं. हे सगळं नीट करायला वेळ लागतो आणि तो वेळ आपण बिलात धरत नाही. दोन तास सांगितले म्हणून दोन तासांचेच पैसे, मग उरलेला वेळ वसूल करायला घण. हेल्परला आपण घाई करायला शिकवतो ते असं. गाडी रॅम्पवर घेताच खालचे सगळे बोल्ट बघा, फोटो काढा, ग्राहकाला दाखवा आणि काम सुरू होण्याआधी बोला. गंजलेला बोल्ट डोळ्यांनी पाहिलेला माणूस सहसा वाद घालत नाही. संध्याकाळी सहा वाजता पहिल्यांदा ऐकलं तर घालतो.

यासाठी जॉबकार्डावर अंदाजाच्या रकमेखाली छापायला एक ओळ सुचवतो. जशीच्या तशी वापरा किंवा आपल्या पद्धतीने बदला: ‘बोल्ट किंवा एक्सल जाम निघाल्यास तो सोडवण्याचा वेळ व नव्या बोल्टची किंमत वेगळी लागेल, कापण्यापूर्वी किंवा तापवण्यापूर्वी आपणास फोन केला जाईल.’ शेजारी ग्राहकाच्या सहीसाठी जागा सोडा, आणि फोन खरोखर करा.