स्वस्त तिकीट, परदेशी भागीदार आणि पॉइंटांचा हिशेब

आपल्या पट्ट्यातला व्यापारी विमानाने फिरतो, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. भोसरीचा स्पेअरपार्टवाला ग्वांगझूला जाऊन येतो, पिंपरीचा कापडवाला सुरत-भिवंडी ओलांडून शाओशिंगजवळच्या केचियाओ बाजारापर्यंत पोहोचला आहे, चाकणचा छोटा फॅब्रिकेटर मशीन बघायला जर्मनी गाठतो. उमराहला जाणाऱ्यांची गर्दी तर दर हंगामात असतेच. या प्रवासाचे भाडे आपण पैशापैशाने तोलतो. परंतु तिकिटाबरोबर जे 'पॉइंट' किंवा 'माइल' मिळतात, अथवा मिळत नाहीत, त्याबाबत दोन टोकांची माणसे भेटतात. एक म्हणतो, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याला काय करायचे? दुसरा पॉइंटच्या मोहात पाच-सहा हजार जास्त मोजून येतो आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवतो. माझ्या मते दोघेही हिशेबात कच्चे आहेत. शिवाय तिकीट भागीदारीच्या पैशातून काढलेले असेल तर हा प्रश्न नफ्या-तोट्यापुरता राहत नाही, तो अमानतीचा प्रश्न होतो. त्याकडे पुढे येतो.

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ही योजना समजायला जड जाऊ नये. गिरणीवाले दुकानदाराला 'स्कीम' देतात, अमुक गाठी उचला, तमुक बक्षीस घ्या. पण तोच दुकानदार कट-पीस आणि फेंट पडत्या भावाने उचलतो तेव्हा त्यावर स्कीम मागत नाही. भाव पडला तिथे स्कीम संपली, हे त्याला ठाऊक असते. विमानाचेही तेच आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'अॅडव्हांटेज' नावाने ही स्कीम काढली आणि बघता बघता सगळ्यांनी तिची नक्कल केली. लुफ्तान्झाची 'माइल्स अँड मोअर' १९९३ ची. त्याच वर्षी आपल्याकडे जेट एअरवेज उडू लागली. (त्याच्या एक वर्ष आधी, १९९२ मध्ये, केरळच्या तकियुद्दीन वाहिद यांनी ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स सुरू करून खासगी विमानसेवेचा रस्ता मोकळा केला होता. १९९५ मध्ये मुंबईत त्यांचा खून झाला आणि १९९६ मध्ये कंपनी बंद पडली. आपल्या तरुणांना हे नावही माहीत नाही, याचे वाईट वाटते.)

खरा गुंता १९९७ नंतर झाला. त्या वर्षी लुफ्तान्झा, युनायटेड, एअर कॅनडा, एसएएस आणि थाई या पाच कंपन्यांनी मिळून 'स्टार अलायन्स' उभारले. मग 'वनवर्ल्ड' आणि 'स्कायटीम' आले. एअर इंडिया २०१४ च्या जुलैत स्टार अलायन्समध्ये गेली. म्हणजे आता तुमचे खाते एका कंपनीत, विमान दुसऱ्या कंपनीचे, आणि तिकिटावर नंबर कधी कधी तिसऱ्याचा. 'भागीदार आहेत, पॉइंट मिळणारच' असे काउंटरवरचा पोरगा सांगतो. तो खोटे बोलत नाही, पण पुरेसे खरेही बोलत नाही.

खुबी आहे एका अक्षरात. एकाच विमानात, एकाच रांगेत, तीच सीट, तेच जेवण असले तरी तिकिटे दहा-बारा वेगवेगळ्या वर्गांत विकलेली असतात आणि प्रत्येक वर्गाला इंग्रजी अक्षर असते, वाय, बी, एम, के, एल असे. ही अक्षरे सगळ्या कंपन्यांत एकाच अर्थाची नसतात. प्रत्येक योजनेचा प्रत्येक भागीदारासाठी वेगळा तक्ता असतो. महाग वर्गाला अंतराच्या शंभर टक्के मैल, मधल्याला पन्नास, त्याखाली पंचवीस, आणि सगळ्यांत स्वस्त वर्गाला पुष्कळदा शून्य. तेच तिकीट एका भागीदाराच्या खात्यात पंचवीस टक्के देईल आणि दुसऱ्याच्या खात्यात काहीच देणार नाही. म्हणून 'पॉइंट मिळतात का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'कोणत्या अक्षराचे तिकीट आणि कोणाच्या खात्यात किती टक्के?' असे विचारावे लागते.

त्यात अलीकडे कंपन्यांनी स्वतःच्या विमानांवर पद्धतच बदलली. लुफ्तान्झाने २०१८ मध्ये आणि एअर इंडियाने २०२४ मध्ये आपल्या उड्डाणांवरचे पॉइंट अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर द्यायला सुरुवात केली. जितके स्वस्त तिकीट, तितके कमी पॉइंट. भागीदारांच्या उड्डाणांवर मात्र अनेक ठिकाणी अंतर आणि अक्षराचा जुना तक्ताच चालतो. लांबच्या प्रवासात चाणाक्ष माणूस इथेच थोडेफार कमावतो. बाकीच्यांसाठी ही खिडकी फार मोठी नाही.

आकडे मांडून बघू. मुंबई ते फ्रँकफर्ट अंतर सुमारे ४,००० मैल. जाऊन-येऊन ८,०००. समजा स्वस्त तिकिटावर भागीदार पंचवीस टक्के देतो, म्हणजे २,००० मैल. एका मैलाची किंमत आठ आणे धरली (मी तरी याहून जास्त धरत नाही), तर हाती आले हजार रुपये. आता पन्नास टक्क्यांच्या वर्गाचे तिकीट सहा हजारांनी महाग असेल तर आणखी २,००० मैल मिळतील, म्हणजे आणखी हजार. सहा हजार देऊन एक हजार घेण्याला धंदा म्हणत नाहीत. होय, महाग वर्गात तारीख बदलण्याची सोय असेल, सामानाची मर्यादा जास्त असेल, तर गोष्ट वेगळी. सॅम्पलच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्याला, किंवा समोरच्या कारखानदाराने दोन दिवस ताटकळत ठेवलेल्याला, त्या सोयीचे मोल पॉइंटांपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्यासाठी जास्त पैसे द्यावेत. पॉइंटसाठी देऊ नयेत.

आपल्या पट्ट्याने या खेळाची श्रीमंत बाजूही पाहिली आहे. २००८ मध्ये लुफ्तान्झाने पुण्याहून थेट फ्रँकफर्टला विमान सुरू केले, तेही सगळ्या बिझनेस क्लासच्या जागांचे. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीझचे कारखाने उभे राहण्याचा तो काळ. त्या विमानात बसणाऱ्या साहेबांची भाडी कंपनी भरत असे आणि मैल साहेबांच्या खात्यात जात असत. तिथे पंचवीस टक्क्यांचा प्रश्नच नव्हता. ती सेवा पुढे बंद झाली. आपला छोटा पुरवठादार तेव्हाही पहाटे टॅक्सीने एक्स्प्रेसवेवरून मुंबईला जाऊन स्वस्त जोड-विमान पकडत होता, आजही पकडतो. लोहगावहून दुबई, सिंगापूर, बँकॉकच्या मार्गांची ये-जा चालू असते, पण लांबच्या प्रवासाला मुंबई सुटत नाही. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ चालू झाल्याने निदान टॅक्सीचा वेळ तरी वाचेल.

चीनच्या वाटेवरही हाच अनुभव. २०२० मध्ये भारत-चीन थेट उड्डाणे थांबली ती २०२५ च्या ऑक्टोबरातच पुन्हा सुरू झाली. मधली पाच वर्षे व्यापारी बँकॉक, हाँगकाँग, क्वालालंपूरमार्गे जात राहिला. अशा प्रवासात एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमाने आणि दोन वेगळी अक्षरे येतात. पहिल्या टप्प्याचे मैल जमा होतात, दुसऱ्याचे होत नाहीत, आणि माणूस समजतो की लबाडी झाली. बहुतेक वेळा लबाडी नसते, अक्षर नसते. कधी मात्र नुसती नोंद राहून गेलेली असते. त्यासाठी बोर्डिंग पासचा तुकडा आणि ई-तिकीट मैल जमा होईपर्यंत जपून ठेवावे. उशिरा दावा करता येतो, पण ठरावीक मुदतीतच.

उमराहच्या ग्रुप तिकिटांबद्दल स्पष्ट सांगतो. टूरवाले ठोक भाड्याने जागा उचलतात, आणि अशा ग्रुप भाड्यावर बहुतेक योजनांमध्ये पॉइंट बसत नाहीत. 'एवढ्या लांबचा प्रवास केला, आमचे मैल कुठे गेले' म्हणून टूरवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. भाड्यात जी सवलत मिळाली, तीच तुमची कमाई.

साठवलेल्या पॉइंटांवर तर मुळीच विसंबू नये. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर बसली आणि किंग क्लबचे सभासद हात चोळत राहिले. १७ एप्रिल २०१९ ला जेटचे शेवटचे विमान उतरले. तिची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने पॉइंट कागदावर वाचले आणि 'इंटरमाइल्स' असे नवे नाव मिळाले, पण ज्या विमानासाठी लोकांनी ते जमवले होते ते विमानच राहिले नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तिथे निदान पॉइंट नव्या 'महाराजा क्लब'मध्ये आले. शिवाय सिंगापूर एअरलाइन्स किंवा लुफ्तान्झाच्या योजनांसारख्या ठिकाणी सर्वसाधारण सभासदाचे मैल तीन वर्षांत बाद होतात. वर्षातून एकदा परदेशी जाणाऱ्याने चार कंपन्यांत चार खाती उघडली तर चारही अर्धवट राहून मरतात. एका आघाडीत एकच खाते ठेवावे, आणि सगळे भागीदार प्रवास त्यातच जमा करावेत.

एक सरळ पैसा मात्र आपले लोक हमखास सोडून देतात. धंद्याच्या कामासाठी काढलेल्या इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो. (वरच्या वर्गांवर तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला.) तिकीट काढताना दुकानाचा जीएसटी नंबर आणि नाव दिले तर नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला हा कर इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो. चाळीस हजार मूळ भाड्यावर दोन हजार रुपये, रोख किमतीचे, कोणत्याही अक्षराच्या तिकिटावर. हजाराच्या मैलांसाठी धडपडणारा माणूस हे दोन हजार एजंटाकडे नंबर न दिल्यामुळे घालवतो, याला काय म्हणावे? खासगी सहल किंवा उमराह धंद्यात दाखवून हा कर मागणे मात्र सरळ बेइमानी आहे.

आता अमानतीचा मुद्दा. कंपनी किंवा भागीदारी पैसे भरत असली तरी मैल प्रवास करणाऱ्याच्याच नावावर जमा होतात. योजनांचा नियमच तसा आहे. काही एअरलाइन्सनी छोट्या कंपन्यांसाठी वेगळी खाती काढली आहेत, पण आपल्याकडे ती वापरणारे थोडे. मग तीन भाऊ भागीदार, प्रवास एकच करतो, खर्च तिघांच्या गल्ल्यातून, आणि चार वर्षांनी तो एकटा त्या मैलांवर बायको-मुलांना फिरवून आणतो. विचारले तर म्हणतो, रात्रीची जागरणे मी केली, हा एअरलाइनने मला दिलेला तोहफा आहे.

तोहफ्याचा हा युक्तिवाद चौदाशे वर्षांपूर्वीही झाला होता. इब्नुल लुत्बिया नावाच्या सहाबींना जकात वसुलीसाठी पाठवले होते. परत आल्यावर त्यांनी सांगितले की हे बैतुलमालचे आणि हे मला भेट मिळाले. त्यावर रसूलुल्लाह (स.) यांनी नाराजी व्यक्त केली आणि विचारले की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय? बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. मैलांना हीच कसोटी लावून बघावी. भागीदारीने तिकीट काढले नसते तर एअरलाइनने हा तोहफा दिला असता का?

ही गोष्ट केवळ दीनदार माणसांनीच मनाला लावून घेतली असे नाही. जर्मनीत २००२ मध्ये सरकारी प्रवासाचे मैल खासगी कामाला वापरल्यावरून मोठे प्रकरण झाले. तुर्की वंशाचे खासदार जेम ओझ्देमिर यांना पक्षातले पद सोडावे लागले आणि बर्लिनच्या राज्य सरकारातले अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला. आपल्या केंद्र सरकारचाही आपल्या नोकरांना नियम आहे की सरकारी तिकिटावरचे पॉइंट सरकारी प्रवासालाच वापरावेत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अनेक कारखाने आपल्या माणसांना मैल ठेवू देतात. मालकाची राजीखुशी असेल तर घेणाऱ्यावर काही दोष नाही. अडचण येते ती न सांगता घेण्यात. विमान कंपनी तिकिटावर देते ते पॉइंट विक्रेत्याची सवलत किंवा हिबा समजून जायज मानणारे आलिम पुष्कळ आहेत. बँकेच्या क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या पॉइंटांचे तसे नाही. तिथे मुळात कर्जाचा करार आहे आणि उशीर झाला की व्याज आहे, त्यामुळे मतभेद तीव्र आहेत. स्वस्त तिकिटावर मैल बसत नाहीत म्हणून कार्डाचे पॉइंट जोडण्याचा सल्ला एजंट देतात. तो ऐकण्याआधी आपल्या मुफ्ती साहेबांना कार्डाच्या अटी दाखवून विचारावे. नुसते 'पॉइंट चालतात का' असे विचारले तर उत्तरही अर्धेच मिळेल.

भागीदारीपुरता उपाय सोपा आहे आणि फुकटचा आहे. करारनाम्यात एक ओळ घालावी की धंद्याच्या प्रवासाचे मैल धंद्याच्या पुढच्या तिकिटाला वापरले जातील, किंवा प्रवास करणाऱ्याकडे राहतील. काय ठरवायचे ते भागीदारांनी ठरवावे, पण लिहून ठरवावे. जुन्या करारनाम्यांत ही ओळ नसेल, तर रमजानात जकातीचा हिशेब करायला सगळे एकत्र बसतात तेव्हा वर्षभरात कोणाच्या खात्यात किती मैल आले हे एका कागदावर मांडून तिथल्या तिथे सही घ्यावी.