बुडालेली रोजी कोण भरून देणार?

धाकट्या भावाच्या आजारपणात मी एक वही ठेवली होती. शाळेतलीच, शंभर पानी. डाव्या पानावर दवाखान्याचा खर्च, उजव्या पानावर बाकीचा. वर्षभरात डावी पानं जवळपास कोरी राहिली आणि उजवी भरून गेली.

भाऊ ३९ वर्षांचा, टेम्पो चालवायचा. तंबाखूमुळे हिरडीला कॅन्सर झाला. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, मग आठवड्याला पाच असे ३० ‘लाईट’, म्हणजे रेडिएशन, घेतले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसल्यामुळे दोन्हीचे पैसे आम्हाला भरावे लागले नाहीत. रेल्वेत पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ होतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळाला. हे सगळं ज्यांनी उभं केलं, त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पण उजव्या पानावर काय होतं? टेम्पोचा हप्ता ११,४००. नाकातल्या नळीतून द्यायचं दूध आणि नाचणीची पेज. पुतणीची फी. दुकानाची उधारी. हप्ते थकले तसे फायनान्सवाले टेम्पो ओढून घेऊन गेले. भाऊ ओट्यावर बसून बघत होता. तोंड सोललेलं, त्याला बोलताही येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भावजय रोजाने कांदा काढायला जाऊ लागली. निघण्याआधी पहाटे त्याची पेज गाळून ठेवायची, कारण एक कण राहिला तरी नळी तुंबते.

याच घरात काही वर्षांपूर्वी वडिलांनाही कॅन्सर झाला होता. तेव्हा ते ७६ वर्षांचे. खर्च तेव्हाही झाला, पण घरची चूल त्यांच्या कमाईवर नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं. “आता माझ्यावर कशाला पैसा घालवता?” असं म्हणून ते तपासणी टाळत राहिले. २०२४च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत घेतलं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मनावरून निदान तेवढं ओझं उतरेल. लहान मुलांची गोष्ट आणखी वेगळी. भावाच्या वेळी धर्मशाळेत आमच्या शेजारी जालन्याकडची एक बाई होती. तिच्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर. अशा मुलांचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. आजारी ते पोर, पण रोजी बुडाली होती आई-बाप दोघांची.

भावासाठी आम्ही संजय गांधी निराधार योजनेत अर्ज केला. कॅन्सरमुळे कमावता न येणारा माणूस त्यात बसतो, महिना १,५०० रुपये मिळतात. अट एवढीच की कुटुंबाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याचं नव्हे, वर्षाचं! कारकुनाने दाखला उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “ताई, नाही बसत हो.” त्याला तरी काय बोलणार? नियमच तसा.

आता हे बघा. कारखान्यात २१,००० पर्यंत महिना पगार असलेला कामगार कर्मचारी राज्य विम्यात येतो. त्याची ठरावीक नोकरी आणि वर्गणी भरलेली असेल, तर कॅन्सरच्या आजारपणात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम हातात पडते. हे योग्यच आहे. मग टेम्पोवाल्याने, गवंड्याने, शेतमजुराने काय घोडं मारलंय? त्यांनी वर्गणी भरली नाही, हे खरं. पण ती भरायची सोय त्यांना कुणी दिली?

माझं मागणं मोठं नाही. महात्मा फुले योजनेतून ज्याचा उपचार मंजूर झाला, त्याच्या घरी त्याच कागदावर उपचार संपेपर्यंत किमान मजुरीइतके पैसे दर महिन्याला जावेत. लहान मूल आजारी असेल तर ते सोबत राहणाऱ्या आईला किंवा बापाला मिळावेत. वेगळा दाखला नको, वेगळी खिडकी नको. आणि तोवर निराधार योजनेतली ती २१,००० ची अट तरी कॅन्सरच्या पेशंटसाठी काढून टाका.

भाऊ आता बरा आहे. दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून जातो. भावजय अजून रोजानेच जाते.