संज्ञाप्रवाहाचे वावडे कुणाला?

मुस्लिम मराठी लेखकाने तलाक, दंगल, गरिबी लिहावी. संज्ञाप्रवाहाचे चोचले त्याला कशाला, असे आपल्यातलेच काहीजण विचारतात. त्यांनी सज्जाद जहीर आठवावेत. प्रगतिशील लेखक संघाच्या संस्थापकांपैकी हे एक. त्यांच्या ‘लंदन की एक रात’मध्ये १९३८ सालीच पात्रांच्या मनातला प्रवाह वाहतो. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ त्यानंतरची, १९४२ ची. मग तंत्र आणि बांधिलकीचे वैर आले कुठून?

उलट घरात दखनी नाहीतर कोकणी, मदरशात उर्दू, कचेरीत मराठी बोलणाऱ्याच्या डोक्यात हे सारे एकदमच चालू असते. ते शुद्ध पुस्तकी निवेदनातून गाळून घेतले की माणूस हरवतो, उरतो नुसता ‘मुस्लिम प्रश्न’. (संपादकांनाही तोच हवा असतो म्हणा!) आणि दुर्बोधतेची सबब नको. आपल्या आयाबाया काम करता करता स्वतःशी पुटपुटतात, ते कुणाला कळत नाही?