पन्नास टक्क्यांची मर्यादा कोणी घातली?

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा रद्द ठरविला. त्याचे एक प्रमुख कारण पन्नास टक्क्यांची मर्यादा हे होते. लोह्यासारख्या तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलाने विचारावे की, ही मर्यादा आली कोठून? राज्यघटनेच्या कलम १५ (४) व १६ (४) यांत असा आकडा नाही. बालाजी खटल्यात १९६२ साली न्या. गजेंद्रगडकर यांनी तो सर्वसाधारण दिशा म्हणून सुचविला. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने त्यास नियमाचे रूप दिले. घटनेत त्याचा उल्लेख २००० साली आला, तोही अनुशेषाच्या संदर्भात. पुढे २०२२ मध्ये आर्थिक दुर्बलांचे दहा टक्के मान्य करताना याच न्यायालयाच्या बहुमताने ही मर्यादा ताठर नसल्याचे म्हटले.

न्यायाधीशाने घटनेचा अर्थ लावावा, तीत आकडे भरू नयेत, असे आमचे मत आहे. परंतु म्हणून पूर्वनिर्णय धाब्यावर बसविण्याचा अधिकार विधिमंडळास मिळत नाही. तीच मर्यादा ओलांडणारा दहा टक्क्यांचा कायदा २०२४ साली पुन्हा संमत झाला. या मर्यादेपुरती घटना मात्र होती तशीच राहिली. मर्यादा अन्यायकारक वाटत असेल तर कलम ३६८ चा राजमार्ग संसदेस मोकळा आहे. त्या मार्गाने न जाता तरुणांच्या हाती कोर्टाची तारीख देणे, हे लोकहित नव्हे; ती त्यांची वंचना होय.