बाल्साच्या पंखांचे आराखडे खुले करा

रॉकेटला पंख लावले की बनवणाऱ्यापुढे पेच उभा राहतो. इंजिन पेटल्यावर ते सरळ वर जायला हवे. पंखांनी तेव्हाच उचल घेतली तर रॉकेट कोलांटी मारून जमिनीकडे वळते. इंजिन विझल्यावर मात्र तीच उचल हवी असते, नाहीतर तरंगायचे सोडून ते नाक खाली करून मातीत घुसते. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी 1960च्या दशकात हा पेच घरच्या गॅरेजमध्ये सोडवला, तोही कागदी नळ्या आणि बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या वापरून. ज्या संचांमुळे ते जमले, त्यांतले बरेचसे कधीच बाजारातून गेले. आता साठी-सत्तरीला पोचलेली तीच मुले जुन्या आराखड्यांवरून रॉकेटसारखे चढून विमानासारखे तरंगत उतरणारे ते ग्लायडर पुन्हा बनवत आहेत. निवृत्तांचा विरंगुळा म्हणून हे काम बाजूला सारणे योग्य नाही.

मॉडेल रॉकेटचा उगम नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचा. तिथे बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी 1954मध्ये बदलता येणाऱ्या इंजिनाचे हलके रॉकेट बनवले. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन यांनी 1957मध्ये त्याचा व्यवसाय उभारला, आणि इंजिने पुरेनाशी झाली तेव्हा व्हर्न एस्टेस यांनी ती यंत्रावर बनवायला घेतली. एस्टेस यांची कंपनी 1961मध्ये कोलोरॅडोतल्या पेनरोझला आली. तिथून टपालाने निघालेले संच देशभरातल्या मुलांच्या हाती पडत.

या इंजिनावर ‘सी6-5’ असे काही छापलेले असते. अक्षर एकूण जोराचा वर्ग सांगते, सहा म्हणजे न्यूटनमधला सरासरी रेटा, आणि पाच म्हणजे इंधन संपल्यावर पाच सेकंदांनी पुढच्या तोंडाने होणारा छोटा स्फोट. साध्या रॉकेटमध्ये त्याने पॅराशूट बाहेर पडते. ग्लायडरवाल्यांनी त्याच स्फोटाला दुसरे काम दिले. एस्टेसच्या सुरुवातीच्या ‘स्पेस प्लेन’मध्ये इंजिन शेपटीकडे होते, ते फेकले गेले की मागचे वजन कमी होई, पंखांच्या मागच्या झडपा वर उचलल्या जात आणि ग्लायडर तरंगू लागे. लॅरी रेंगर यांनी ‘स्काय स्लॅश’मध्ये इंजिन पुढे नेले. पुढे तर इंजिनाची नळीच शिखरावर सुटून वेगळी पडेल, अशी रचना रूढ झाली.

यातले सर्वांत देखणे रूप म्हणजे 1960च्या दशकाच्या अखेरीस आलेले ‘ऑर्बिटल ट्रान्सपोर्ट’. मोठ्या रॉकेटच्या पाठीवर छोटे विमान बसवलेले. वर पोचल्यावर दोघे वेगळे होत, रॉकेट पॅराशूटने उतरे आणि विमान तरंगत येई. स्पेस शटलला अमेरिकी सरकारची मंजुरी मिळाली ती त्यानंतर, 1972मध्ये.

असा ग्लायडर पुन्हा घडवायचा तर काम सुरू होते कागदापासून. जपून ठेवलेल्या माहितीपत्रकाची प्रत मूळ मापात छापली गेली आहे का, हे शेजारच्या इंचाच्या खुणेवरून तपासावे लागते. जुन्या कॅटलॉगमधल्या भागांच्या क्रमांकांवरून नळीचा व्यास कळतो. रॉकेटच्या टोकाचा नोज कोन मिळत नसेल तर लेथवर कातून घ्यावा लागतो. मग खरी परीक्षा बाल्साची. हे लाकूड प्रामुख्याने इक्वेडोरहून येते, आणि एकाच गठ्ठ्यातली एक फळी दुसरीच्या दुप्पट जड निघू शकते. पंखासाठी हलकी फळी निवडायची, लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर धरायच्या, पॉलिश पेपरने पुढची कड गोल आणि मागची निमुळती करायची. रंग बेताचाच, कारण त्याचेही वजन असते. शेवटी गवतावर हाताने फेकून पाहायचे. नाक वर करून गचकले तर नाकात थोडी माती भरायची, सूर मारला तर काढायची.

थ्रीडी प्रिंटरवर सगळे छापून टाकावे, असा सल्ला हल्ली सहज मिळतो. साच्यांसाठी तो ठीक आहे, पंखांसाठी नाही. प्रिंटरमध्ये सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक सरासरी बाल्सापेक्षा सात-आठ पट जड असते. आकार हुबेहूब आणि उड्डाण गायब, अशी प्रतिकृती शोकेससाठी बरी. पण जी वस्तू उडण्यासाठीच जन्मली, तिची नक्कल उडाल्याशिवाय पुरी होत नाही.

वाटते तितका हा विषय आपल्यापासून दूर नाही. इस्रोने 23 मे 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पंख असलेले आरएलव्ही-टीडी हे यान घन इंधनाच्या रॉकेटवर बसवून सुमारे 65 किलोमीटर उंचीपर्यंत नेले. परतताना ते बंगालच्या उपसागरावर तरंगत उतरले. त्यानंतर 2023 आणि 2024मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलेले यान आपणहून धावपट्टीवर उतरवण्याच्या चाचण्या झाल्या. चढताना स्थिरता, उतरताना उचल, हाच तो गॅरेजमधला पेच, प्रचंड मोठ्या प्रमाणावर. तो पुस्तकात वाचणाऱ्यापेक्षा नाकातली माती चिमटीने कमी-जास्त करणाऱ्या मुलाला लवकर उमगतो.

म्हणून हे आराखडे चार शौकिनांच्या मेहेरबानीवर राहता कामा नयेत. मॉडेल रॉकेटचे संच बनवणाऱ्या उत्तर कॅरोलिनातल्या सेमरॉक कंपनीचे उदाहरण बोलके आहे. कार्ल मॅक्लॉहॉर्न यांनी 1967मध्ये काढलेली ही कंपनी 1971मध्ये बुडाली. त्यांनी 2002मध्ये ती पुन्हा उभी केली आणि लेझरने कापलेल्या बाल्साचे जुन्या धर्तीचे संच विकायला सुरुवात केली. 2013मध्ये मॅक्लॉहॉर्न यांचे निधन झाले आणि कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. एका माणसाच्या जिद्दीवर एवढे अवलंबून होते.

जुने संच पुन्हा काढायचे असतील तर आराखडे खुले कसे करायचे, असे कंपन्या म्हणू शकतात. त्या भीतीत फारसा दम नाही. पंख कोणीही कापू शकतो, इंजिन मात्र घरी बनवणे धोक्याचे आहे आणि कोणी करूही नये. घरी घडवलेल्या प्रत्येक ग्लायडरला दर उड्डाणाला नवे इंजिन विकतच घ्यावे लागते. म्हणजे खुला आराखडा हा कंपनीसाठी नवा ग्राहकच.

सुरुवात पेनरोझहूनच होऊ शकते. एस्टेसची मालकी 2018मध्ये लँगफर्ड कुटुंबाकडे आली. त्यातले जॉन लँगफर्ड स्वतः मॉडेल रॉकेटवर वाढलेले. पायाच्या बळावर चालणाऱ्या ‘डेडलस’ विमानाने 1988मध्ये क्रीट ते सँटोरिनी हे सुमारे 115 किलोमीटरचे अंतर कापले, त्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. या मागणीचे मोल त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. प्रत्येक बंद ग्लायडरसाठी त्यांनी चारच गोष्टी द्याव्यात: मूळ मापाचा आराखडा, भागांची यादी, तयार ग्लायडरचे वजन आणि समतोलाचा बिंदू.